समुद्रकाठचा मुक्काम आणि एक विहीर

अतिथीचे स्वागत यजमानाने कसे करावे, याविषयी आपल्या धर्मग्रंथांनी आणि लोकरीतींनी भरभरून सांगून ठेवले आहे. अतिथीने कसे वागावे, याविषयी मात्र त्यांनी हात आखडता घेतलेला दिसतो. वाढलेले आनंदाने खावे, यजमानाच्या सोयीने उठावे-बसावे आणि पाहुणचार अंगावर येण्यापूर्वी निरोप घ्यावा, एवढे झाले की पाहुण्याचे कर्तव्य संपले. पूर्वी हे पुरत असावे. कारण पाहुणा ज्या घरी उतरे ते घर कोणाचे, हे त्याला ठाऊक असे. आज आपण पैसे मोजून ज्या खोलीत उतरतो ती जागा कोणाची, हे विचारण्याची रीत नाही. विचारलेच तर ते असभ्य समजले जाईल. ही रीत नीतीला धरून आहे काय, हा प्रश्न गेली काही वर्षे आमच्या मनात घर करून बसला आहे. तो कसा उत्पन्न झाला हे सांगितल्याविना त्याची चर्चा कोरडी होईल, म्हणून थोडा प्रवासवृत्तान्त अपरिहार्य आहे.

२०२३ सालच्या ऑगस्टमध्ये आम्ही उभयता श्रीलंकेस गेलो. रामेश्वर झाले, आता त्याच्या पलीकडचा कोणेश्वर पाहावा, ही सौ.ची इच्छा. त्रिंकोमालीचा कोणेश्वर हा लंकेच्या पाच प्राचीन शिवस्थानांपैकी एक. समुद्रात घुसलेल्या उभ्या कड्यावर त्याचे देऊळ आहे. लंकेच्या पश्चिम बाजूस नैर्ऋत्य मोसमी पाऊस कोसळत असतो तेव्हा पूर्व किनारा कोरडा आणि तेथील समुद्र शांत असतो. म्हणून मे ते सप्टेंबर हा तिकडचा हंगाम. शहराच्या उत्तरेस उप्पुवेली नावाचा वाळूचा लांबच लांब किनारा आहे. तेथल्या एका हॉटेलात आम्ही पाच दिवस राहिलो. खोलीपुढे ओसरी, ओसरीपुढे नारळी, त्यापुढे वाळू आणि मग पाणी. पहाटे कोळ्यांच्या होड्या किनाऱ्याला लागत. न्याहारीला तांदळाच्या शेवया आणि ओल्या खोबऱ्याची लाल तिखट चटणी असे, ती सौ.ला इतकी आवडली की इंदूरला परतल्यावर महिनाभर आमच्या ताटात पोह्यांबरोबरही तीच होती. सांगायचे तात्पर्य, जागा सुखाची होती आणि आम्ही ते सुख मनमुराद घेतले.

देवळाविषयी थोडे सांगितले पाहिजे. कड्यावरचे जुने भव्य मंदिर सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात पोर्तुगीजांनी पाडले आणि त्याचे दगड तेथेच बांधलेल्या किल्ल्याला लावले. तो किल्ला आज फोर्ट फ्रेडरिक या नावाने ओळखला जातो. त्यात अजूनही सैन्याचा तळ आहे आणि देवाला जायची वाट त्याच्या दरवाजातूनच जाते. आत चितळे निर्धास्त हिंडत असतात. १९५६ साली आर्थर क्लार्क आणि माइक विल्सन या पाणबुड्यांना कड्याच्या पायथ्याशी समुद्रतळावर जुन्या देवळाचे अवशेष सापडले. सध्याचे देऊळ विसाव्या शतकातले आहे. गोव्याच्या वाचकांना ही कथा नवी वाटणार नाही. १५६० मध्ये कुशस्थळीचा मंगेश झुवारी ओलांडून प्रियोळास गेला, आणि मूळ स्थान कोणते हे तेथील भाविक आजही बोटाने दाखवितात. देवाच्या जागेची स्मृती माणसे शतकानुशतके जपतात. माणसाच्या जागेची स्मृती मात्र एका पिढीत पुसली जाऊ शकते, आणि तिच्यावर हिरवळ लावता येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेरी मारताना हॉटेलच्या मागील कुंपणापाशी आम्हांला एक विहीर दिसली. गोल बांधलेली, कठड्याच्या कडेवर दोर घासून खाचे पडलेले. जवळच गुडघाभर उंचीचे एक जोते, त्याला तीन पायऱ्या आणि पायऱ्यांच्या पुढे काही नाही. बाजूला शेवग्याचे झाड, कढीपत्ता आणि जास्वंद. हॉटेलच्या माळ्याने उरलेल्या बागेत विलायती फुलझाडे ओळीने लावली होती. ही तीन झाडे त्या ओळीत बसत नव्हती. महसुलाच्या नोकरीत हयात घालविलेल्या माणसाला अशा जागेपुढे उभे राहून पंचनामा केल्याशिवाय राहवत नाही. शेवगा आणि कढीपत्ता माणूस स्वयंपाकघराच्या मागे लावतो, जास्वंद देवपूजेसाठी लावतो. येथे घर होते, चूल होती, बहुधा देवघरही होते. विहीर होती म्हणजे घर दोन-चार वर्षांचे नव्हते.

तिसऱ्या दिवशी पहाटे आम्हांला लवकर जाग आली. मागील फाटकातून एक वृद्ध स्त्री आत आली, तिने विहिरीतून दोन कळशा पाणी शेंदले आणि ती आल्या वाटेने निघून गेली. इकडेतिकडे तिने पाहिले नाही. चौथ्या दिवशीही तसेच. न्याहारी वाढणाऱ्या तरुणाला आम्ही विचारले. तो तमिळभाषक, पंचविशी ओलांडलेला, मोडके पण चुणचुणीत इंग्रजी बोलणारा. तो म्हणाला, "या विहिरीचे पाणी गोड आहे, आसपासच्या विहिरी खारट आहेत. आजी येतात, मालक अडवीत नाहीत." केव्हापासून येतात? "पूर्वीपासून." पूर्वीपासून म्हणजे हॉटेल होण्याच्या पूर्वीपासून काय, असे आम्ही विचारले, तेव्हा त्याने हातातला चहाचा ट्रे दुसऱ्या हातात घेतला आणि सावधपणे उत्तर दिले, "मी इथला नाही, सर. मी खाडीपलीकडचा."

मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे: वहिवाट. कागद कोणाच्याही नावावर असो, पाऊल कोणाचे पडते, याची ती नोंद. त्या बाईंची ती वहिवाट होती. ती घरमालकिणीची, भाडेकरणीची की नुसत्या शेजारणीची, हे आम्हांला कळले नाही. व्यवस्थापकांकडे आम्ही गोष्ट काढली, तेव्हा ते अगदी नम्रपणे म्हणाले की मालक कोलंबोला असतात, जागा रीतसर विकत घेतलेली आहे, कागद स्वच्छ आहेत. आमचा त्यांच्यावर अविश्वास नाही. कागद स्वच्छ असू शकतात. कागद स्वच्छ करण्याचेच काम आम्ही केलेले आहे, म्हणून हे सांगतो.

आता त्या किनाऱ्यावरून घर नाहीसे होण्याची कारणे किती असू शकतात, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. जुलै १९८३ मध्ये पेटलेले यादवी युद्ध मे २००९ पर्यंत चालले. त्रिंकोमाली जिल्ह्यात तमिळ, मुसलमान आणि सिंहली असे तिन्ही समाज मोठ्या संख्येने राहतात, त्यामुळे प्रत्येक फेरीत कोणाला तरी पळावे लागले. १९९० च्या जूनमध्ये लढाई पुन्हा सुरू झाली तेव्हा तेथून अनेकांनी तमिळनाडू गाठला. त्या निर्वासितांपैकी व त्यांच्या मुलाबाळांपैकी हजारो जण आजही तेथील छावण्यांत आहेत. त्याच वर्षी वाघांनी, म्हणजे एलटीटीईने, उत्तर प्रांतातील मुसलमानांना सरसकट हाकलून दिले. २००६ च्या ऑगस्टमध्ये ते खाडीपलीकडच्या मुत्तूरमध्ये शिरले तेव्हा तेथील मुसलमानही घरे टाकून पळाले, आणि त्याच गावात एका फ्रेंच मदतसंस्थेच्या सतरा कर्मचाऱ्यांची हत्या झाली. युद्धाच्या अखेरच्या टप्प्यात चाळीस हजारांपर्यंत नागरिक मेले असावेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये म्हटले. या सगळ्याच्या मध्ये २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी. श्रीलंकेत तिने तीस हजारांहून अधिक माणसे नेली. त्यानंतर सरकारने किनाऱ्यालगत घरे पुन्हा बांधण्यास बंदी घातली, दक्षिण-पश्चिमेस शंभर मीटर आणि उत्तर-पूर्वेस दोनशे मीटरपर्यंत. पुढे ती सैल झाली. कोळ्याने झोपडी बांधावयाची नाही आणि हॉटेलाला मात्र वाट मोकळी, अशी त्या वेळी झालेली टीका आमच्या वाचनात आहे.

तेव्हा ते जोते लाटेने उघडे पाडले, की तोफेने, की सावकाराने, की मुलाला कॅनडास पाठविण्यासाठी बापाने राजीखुशीने घर विकले, हे आम्हांला सांगता येणार नाही. चारांपैकी काहीही शक्य आहे. मुद्दा असा, की आम्ही त्या हिरवळीवर आरामखुर्ची टाकून चहा घेत असताना हे चारही पर्याय आमच्या डोळ्यांसमोर विटांच्या रूपाने पडलेले होते, आणि चहाची चव त्यामुळे पालटली नाही.

शहराच्या समुद्रकाठी महात्मा गांधींचा पुतळा आहे. संध्याकाळी तेथे कुटुंबे जमतात, मुले पतंग उडवितात. आम्हीही शेंगदाण्याची पुडी घेऊन बसलो होतो. त्याच परिसरात २ जानेवारी २००६ रोजी पाच तमिळ विद्यार्थ्यांना ठार मारण्यात आले होते, आणि त्या प्रकरणी पकडलेल्या तेरा सुरक्षा-जवानांना २०१९ च्या जुलैमध्ये न्यायालयाने पुराव्याअभावी सोडून दिले होते, हे आम्ही घरी आल्यावर वाचले. आधी ठाऊक असते तर तेथे बसलो नसतो काय? बसलो असतो, असे वाटते. शेंगदाणे कदाचित घेतले नसते.

आणि भारतीय माणसाने तरी तेथे केवळ त्रयस्थ म्हणून कसे बसावे? आपली शांतिसेना १९८७ ते १९९० या काळात त्या भूमीवर होती. तिचे अकराशेहून अधिक जवान तेथे कामी आले. ज्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले ते मेजर रामस्वामी परमेश्वरन् हे महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे. त्या रेजिमेंटचे केंद्र आमच्या मध्य प्रदेशात सागरला आहे. मार्च १९९० मध्ये शांतिसेनेची अखेरची तुकडी याच त्रिंकोमालीच्या बंदरातून परतली. तिच्या वागण्याविषयी तेथील तमिळांच्या आठवणी कडवट आहेत, हेही खरेच. पुढे खाडीच्या दक्षिण काठावरील सांपूर या गावातून २००६ च्या लढाईत लोक पळाले. त्यांची जमीन प्रथम अतिसुरक्षित क्षेत्र म्हणून आणि नंतर उद्योगांसाठी राखून ठेवण्यात आली. आणि सांपूरलाच आपल्या एनटीपीसीच्या भागीदारीत पाचशे मेगावॉटचे कोळशावरचे वीजकेंद्र योजिले गेले. लोक सुमारे नऊ वर्षे छावण्यांत राहिले. २०१५-१६ मध्ये त्यांतील बऱ्याच जणांना जमिनी परत मिळाल्या, आणि कोळशाचा प्रकल्प २०१६ मध्ये सोडून देण्यात आला. एकाच शेताचे 'रणक्षेत्र', 'सुरक्षाक्षेत्र' आणि 'विकासक्षेत्र' असे तीन वेळा नामांतर झाले आणि तिन्ही वेळा शेतकरी बाहेरच होता.

ज्याने मोबदला दिला आणि ज्याला काही ठाऊक नव्हते, त्याला दोष कसा द्यावा, असे कोणी म्हणेल. कायदाही अशा खरेदीदाराला जपतो. सद्भावनेने, किंमत मोजून आणि दोषाची सूचना नसताना घेणाऱ्याचा हक्क तो सहसा मोडत नाही. पण येथे 'सूचना' या शब्दाचा अर्थ पाहण्यासारखा आहे. आपल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने आरंभीच, तिसऱ्या कलमात, तो सांगितला आहे. माणसाला एखादी गोष्ट प्रत्यक्ष कळली म्हणजेच सूचना मिळाली असे नव्हे. जी चौकशी त्याने करावयास हवी होती ती त्याने जाणूनबुजून टाळली, किंवा घोर निष्काळजीपणा केला, आणि एरवी त्याला ते कळले असते, तर त्याला सूचना होती असेच धरले जाते. शिवाय जागेवर दुसऱ्या कोणाचा प्रत्यक्ष कब्जा असेल, तर तो कब्जा हीच त्याच्या हक्काची सूचना होय. इंग्रजांच्या काळातले हे कलम आम्ही परीक्षेसाठी पाठ केले, नोकरीत शेकडो वेळा उद्धृत केले; त्यात केवढे नीतिशास्त्र दडले आहे हे मात्र एका परक्या विहिरीपाशी उमजले. अज्ञान दोन प्रकारचे असते. एक आपल्यावर ओढवलेले आणि दुसरे आपण राखलेले. दुसऱ्या प्रकारचे अज्ञान हॉटेलच्या भाड्यात धरलेले असते. स्वच्छ चादरी, गरम पाणी आणि कोणी काही सांगणार नाही याची हमी.

श्रीलंकेचा जमिनीचा कायदा निराळा, डचांच्या अमलापासूनच्या परंपरेचा. आमचे कलम तेथे चालणार नाही. पण त्या देशाने २०१६ साली एक उल्लेखनीय कायदा केला. एरवी दुसऱ्याची जमीन अनेक वर्षे निर्वेधपणे ताब्यात ठेवणाऱ्याला मुदतीने हक्क मिळतो. युद्धामुळे ज्यांना परतता आले नाही त्यांच्या बाबतीत १ मे १९८३ ते १८ मे २००९ हा काळ त्या मुदतीत मोजू नये, असे या कायद्याने ठरविले. तो किती जणांच्या उपयोगी पडला हा भाग वेगळा. त्यामागील विचार आम्हांला फार मोलाचा वाटतो: गैरहजेरी म्हणजे त्याग नव्हे. पळून गेलेल्या माणसाने घर सोडलेले असते, घरावरचा हक्क सोडलेला नसतो.

येथवर लिहून थांबलो असतो तर हा निबंध सोपा झाला असता. दुसऱ्या देशाच्या दुःखावर नीतिबोध करणे निवृत्त अधिकाऱ्याला सहज जमते. परंतु त्या जोत्यापुढे आम्ही इतका वेळ का उभे राहिलो, याचे खरे कारण लंकेत नाही.

नर्मदेवरील इंदिरासागर धरणाच्या बुडीत क्षेत्रासाठी जमिनी घेण्याचे काम चालू होते, तेव्हा काही काळ आमची नेमणूक त्या कामावर होती. महाराष्ट्रात ज्याला भूसंपादन म्हणतात त्याला आमच्याकडे भू-अर्जन म्हणतात. कायदा तोच, १८९४ चा. घरे, झाडे, विहिरी मोजावयाच्या, प्रत्येकाची किंमत ठरवावयाची, नोटिसा बजावावयाच्या. एका गावातील विधवा शेतकरीण आमच्याकडे अर्ज घेऊन आली. तिची विहीर दगडांनी बांधलेली, पक्की होती. यादीत ती 'कच्ची' अशी नोंदली गेली होती, आणि त्यामुळे मोबदल्यात बराच फरक पडत होता. तिने आम्हांला फक्त एवढीच विनंती केली की साहेबांनी येऊन पाहावे. उन्हाळा होता, गाव तेथून कोसभरही नव्हते, आणि आम्ही विश्रामगृहात पंख्याखाली बसलो होतो. आम्ही पटवाऱ्याला विचारले, तो म्हणाला नोंद बरोबर आहे. आम्ही त्याच्या शेऱ्याखाली सही केली आणि अर्ज नस्तीला लावला. ती बाई खोटे बोलत नव्हती हे तेव्हाही आम्हांला कळत होते. म्हणूनच गेलो नाही. गेलो असतो तर यादी बदलावी लागली असती, ती बदलली असती तर आणखी अर्ज आले असते, आणि वेळापत्रक वरून ठरलेले होते. तिसऱ्या कलमातील 'जाणूनबुजून टाळलेली चौकशी' याहून निराळी काय असते?

पुढे ३० जून २००४ ही मुदत हरसूद गावाला देण्यात आली. आपापली घरे आपल्याच हातांनी पाडून, दारे-खिडक्या-कौले ट्रॅक्टरवर लादून लोक छनेऱ्याजवळच्या नव्या वसाहतीकडे गेले. याच हरसूदमध्ये १९८९ च्या सप्टेंबरात बाबा आमटे आणि हजारो लोक विनाशकारी विकासाच्या विरोधात जमले होते. तोपर्यंत आमची बदली झालेली होती. ती बाई कोठे गेली, आम्ही चौकशी केली नाही. तीही टाळलीच.

आता प्रतिपक्ष. तो त्या वाढप्या तरुणाने आमच्याहून चांगला मांडला. निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही त्याला म्हटले की अशा जागी राहावे की राहू नये, हेच आम्हांला कळेनासे झाले आहे. तो जरा चिडला. म्हणाला, २०१९ मध्ये ईस्टरच्या दिवशी कोलंबोच्या हॉटेलांत स्फोट झाले, इकडे काही झाले नव्हते तरी पाहुणे थांबले आणि त्याची नोकरी गेली. मग महासाथ आली. मग २०२२ मध्ये देशाचे दिवाळे निघाले, पेट्रोलसाठी रांगा लागल्या, पुन्हा कोणी फिरकले नाही. "सर, युद्ध होते तेव्हा तुम्ही लोक आला नाहीत, ते बरोबर. आता युद्ध नाही. आता न येऊन तुम्ही कोणाला शिक्षा करता?" यावर आम्हांला उत्तर सुचले नाही. बहिष्कार टाकणाऱ्याचे मन शुद्ध राहते आणि पगार दुसऱ्याचा बुडतो, हे त्याचे म्हणणे खोडून काढता येत नाही.

तरीही सर्वच मुक्काम सारखे नव्हेत. उत्तरेकडे कांकेसंतुरैला सैन्याने स्वतः चालविलेले समुद्रकाठचे विश्रामस्थान आहे. त्या परिसरातील लोक १९९० साली हुसकावले गेले. त्यांच्या जमिनी टप्प्याटप्प्याने परत दिल्या जात आहेत, सगळ्या अद्याप मिळालेल्या नाहीत. जेथे मूळ माणूस कुंपणाबाहेर उभा राहून आजही आपले घर मागतो आहे, तेथे कुंपणाच्या आत खोली घेणे म्हणजे वादात एका पक्षाला भाडे देणे होय. तेथे आम्ही उतरणार नाही. उप्पुवेलीचे तसे नाही. तेथे वाद विझला आहे, किंवा विझविला गेला आहे, आणि अशा ठिकाणी आमच्या मते जाण्या-न जाण्यापेक्षा विचारण्या-न विचारण्याला महत्त्व आहे. विचारल्याने त्या बाईंना घर मिळणार नव्हते. परंतु मागील फाटक उघडे आहे याची नोंद एका पाहुण्याने घेतली, तर ते फाटक उद्या बंद करणे मालकाला थोडे अवघड जाईल. वहिवाट साक्षीदारावर टिकते, हे आमच्या व्यवसायातील अगदी प्राथमिक सत्य आहे.

येथे वाचकांपैकी कोणी आम्हांला विचारील, आणि त्याने विचारावेच, की आपले स्वतःचे काय? आपण मराठी घराणी माळव्यात, बडोद्यात, ग्वाल्हेरीत कशी आलो? आमचे पूर्वज होळकरी फौजेच्या मागून हिशेबनीस म्हणून इंदुरात आले आणि त्यांना थोडी इनाम जमीन मिळाली. ती आधी कोण कसत होते, हे आमच्या घरच्या एकाही कागदात नाही. सनद आहे, शिक्का आहे, चतुःसीमा आहेत. अडीचशे वर्षांनंतर त्याची चौकशी शक्य नाही आणि तिचा उपयोगही नाही, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ते खरेही असेल. काळ पुष्कळ गोष्टी शुद्ध करतो. पण तो किती वर्षांत करतो हे कोणी सांगत नाही. अडीचशे वर्षे पुरेशी म्हणावीत तर वीस का नकोत? आणि वीस पुरेशी नसतील, तर अडीचशेंनी नेमके काय केले? जुन्या वाड्याच्या सनदेची तसबीर दिवाणखान्यात लावताना हा प्रश्न आम्हांला कधी पडला नव्हता. तसबीर आम्ही काढलेली नाही. तिच्याकडे पाहताना आता चतुःसीमांच्या ओळीवर नजर थांबते, एवढे खरे.

निघताना त्या तरुणाने हॉटेलविषयी चार चांगले शब्द लिहावेत म्हणून अभिप्रायाची वही पुढे केली. आम्ही जेवणाची स्तुती लिहिली, सेवेची लिहिली, आणि शेवटी लिहिले की मागच्या बाजूच्या विहिरीचे पाणी गोड आहे असे ऐकले, गावातल्या आजी पहाटे ते नेतात, ही रीत आम्हांला फार आवडली, ती अशीच चालू राहावी. सौ. म्हणाली, "अहो, हे कशाला?" त्या तरुणाने वाचले, वही मिटली आणि आमच्या बॅगा रिक्षात ठेवल्या.

इंदिरासागरच्या फुगवट्याच्या काठी हनुवंतिया येथे पर्यटनस्थळ झाले आहे. २०१६ पासून तेथे जलमहोत्सव भरतो, तंबू लागतात, नौका असतात. घरचे अनेक वर्षे चला म्हणत होते, आम्ही काहीबाही कारण सांगत असू. गेल्या थंडीत गेलो. पाणी समुद्रासारखे दिसते, पलीकडचा काठ धूसर असतो. नौकेत धाकट्या नातवाने विचारले, खाली काय आहे? आम्ही सांगितले, शेते आहेत, रस्ता आहे, विहिरी आहेत. किती, म्हणून त्याने विचारले. त्यावर आम्ही त्याला एका विहिरीची गोष्ट सांगितली, पक्की होती ती, आणि यादीत कच्ची कशी लागली तेही. त्याने ती सगळी ऐकून घेतली आणि म्हणाला, मग तुम्ही जाऊन का नाही पाहिली? सूनबाईंनी त्याला दटावले. आम्ही तिला म्हटले, राहू दे, तो बरोबर विचारतो आहे. आणि त्याला ऊन, पंखा, पटवारी, सही, जसे घडले तसे सांगितले.